दोन कोटींच्या गाडीतलं हायब्रिड: कामाचं की कागदावरचं?

सरकी_रुई, हिंगणघाट

कापसाचा हंगाम आटोपला की आमच्याकडचे जिनिंगवाले, खाणीवरचे कंत्राटदार आणि बहार साधलेले संत्रा बागायतदार नवी गाडी बघायला नागपूरची वाट धरतात. यंदा शोरूममधून परतलेला जो तो हायब्रिडचे, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटार दोन्ही असलेल्या गाडीचे, गोडवे गातोय. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग तुटून पडा. आपल्या भागात महागडी प्लग-इन (बाहेरून प्लग लावून चार्ज करायची) हायब्रिड घेणं म्हणजे पैसे देऊन वजन विकत घेणं. घ्यायचीच असेल तर टोयोटा-लेक्सस पद्धतीची, बिनप्लगची घ्या. नाहीतर सरळ डिझेल.

दोन्ही हायब्रिडच म्हणवतात, पण जन्मच वेगळा. टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानात प्रियस आणली ती इंधन वाचवायला. तीच विद्या २००५ मध्ये लेक्सस आरएक्स ४००एच मध्ये गेली. दोन मोटार-जनरेटर, मधे प्लॅनेटरी गिअर (एका चाकाभोवती फिरणारी दातेरी चाकं), ना क्लच, ना वेगळा स्टार्टर, ना पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर. ब्रेक मारताना जी शक्ती वाया जायची ती बॅटरीत. चार्जिंगची भानगडच नाही.

जर्मन मंडळी उशिरा आली. मर्सिडीजची एस४०० हायब्रिड २००९ ची. लिथियम-आयन बॅटरी घेऊन कारखान्यातून निघालेली ती पहिली हायब्रिड, पण मोटार जेमतेम २० हॉर्सपॉवरची. पुढे युरोपात कार्बनचे नियम आवळले गेले आणि प्लग-इनचा पूर आला. का? तर मालक रोज इमानदारीने प्लग लावतो असं गृहीत धरूनच सरकारी चाचणीत आकडा काढतात. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरच्या गाड्यांचा हिशेब मांडला, तेव्हा प्लग-इनचं उत्सर्जन कागदाच्या साधारण साडेतीन पट निघालं. घरोघरी चोवीस तास वीज असलेल्या देशांत ही गत! आपल्याकडे शेतातल्या घरी व्होल्टेजच्या नावाने शंख, थ्री-फेज येणार रात्री दोनला. तेव्हा उठून माणूस मोटर चालू करायला जाईल की गाडी चार्जिंगला लावेल?

व्ही८_संत्रा, वरुड

भाऊ, मुद्दाच चुकला. दोन कोटी मोजणारा माणूस मायलेज विचारतो का? तो विचारतो, पाय दाबला की गाडी किती झपाट्याने निघते.

लॅम्बोर्गिनीची रेव्हुएल्टो बघा, २०२३ ची. व्ही१२ म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन, सोबत तीन मोटारी, मिळून १०१५ हॉर्सपॉवर. बॅटरी मात्र ३.८ युनिटची, म्हणजे एक एसी रात्रभर चालवला तर संपेल एवढीच. ती काय पेट्रोल वाचवायला बसवली? इंजिनाला फेरे चढेपर्यंत जो क्षण जातो, तो मोटार भरून काढते. पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण ओढ. शक्तीसाठी आलेल्या यंत्राला काटकसरीच्या तराजूत कशाला तोलता?

सरकी_रुई, हिंगणघाट

चला, शक्तीच्याच तराजूत तोलू. नव्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये व्ही८ अधिक मोटार मिळून ७२७ हॉर्सपॉवर. वजन २,४३५ किलो, जुनीपेक्षा जवळजवळ अर्धा टन जास्त. शून्य ते शंभर ३.५ सेकंद. मागची एम५ कॉम्पिटिशन बिनमोटारीची, ६२५ हॉर्सपॉवरची, आणि तिचा वेळ ३.३. शंभर घोडे वाढवले आणि गाडी मागे पडली. घोडे निम्मे बॅटरी ओढण्यातच गेले म्हणायचे.

मर्सिडीजच्या एएमजी सी६३ चं काय झालं तेही तुम्हाला ठाऊक आहे. व्ही८ काढून दोन लिटरचं चार सिलिंडरी इंजिन बसवलं, मोटार जोडून ६८० हॉर्सपॉवर दाखवले, निव्वळ विजेवर धाव १३ किलोमीटर. आवाजासाठी ती गाडी घेणारेच पाठ फिरवून गेले.

व्ही८_संत्रा, वरुड

सी६३ बद्दल बोलू नका, जखम ओली आहे.

एम५ चं पटत नाही तरी. दोन दशांश सेकंद कोणाला कळतात? रोजच्या फिरण्याला विजेवर साठेक किलोमीटर मिळतात. वरुडहून मोर्शीला बाजारासाठी जायचं तर इंजिन सुरूच करायला नको. संध्याकाळी तीच गाडी महामार्गावर व्ही८ होऊन धावते. दोन गाड्या एका किमतीत.

डॉक्टर_दारव्हा

बिनप्लगची लेक्सस ईएस ३००एच वापरतो, म्हणून बोलतो. ही गाडी २०२० पासून कर्नाटकात बिडदीला जुळवली जाते. बरेच जण आयात केलेली समजतात.

या चर्चेत उन्हाळा कोणी काढला नाही याचं नवल वाटलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. रेल्वे फाटकावर उभे राहा, नाहीतर एखाद्या लग्नाच्या मांडवाबाहेर. डिझेलवाल्यांचं इंजिन एसीसाठी धडधडत असतं. या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर नाही, विजेवर चालतो. इंजिन बंद, एसी चालू. बॅटरी उतरली की इंजिन आपणहून सुरू होतं, थोडं भरतं, पुन्हा गप्प. विदर्भातल्या माणसाला हायब्रिड पटवायला एवढं पुरे आहे.

दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर गुरं, गतिरोधक, गावागावातली गर्दी. सारखा ब्रेक, सारखा वेग. तिथे ही यंत्रणा आपला खरा गुण दाखवते. समृद्धीवर मात्र १२० वर लावली की फरक आटतो, हे मान्य. ब्रेकच लागत नाही तर परत मिळवायचं काय? तरी इंजिन अ‍ॅटकिन्सन पद्धतीचं, म्हणजे कमी इंधनात जास्त काम काढणारं आहे, टोयोटाच्या दाव्यानुसार औष्णिक कार्यक्षमता (इंधनातल्या उष्णतेपैकी कामी येणारा भाग) ४१ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे महामार्गावरही घाट्याचा सौदा नाही, फक्त तिथे डिझेल तिच्या बरोबरीला येतं.

मिस्त्री_पांढरकवडा

डॉक्टरसाहेब, एसीचं तुमचं खरं हाय. आता बॅटरीच्या एसीचं सांगतो, थे कोनी सांगत नाई.

बॅटरीलेबी उन लागते. ४० च्या वर गेली का थे स्वतःच हात आखडते, घेनं कमी, देनं कमी. मंग सारा भार इंजिनावर. तिला थंड ठेवाले पंखा असते, अन् बऱ्याच गाड्यांत थो पंखा मागच्या सीटखालून, म्हंजे आपन बसतो त्याच डब्यातून हवा ओढते. एका जिनिंगवाल्याची हायब्रिड सेडान आली होती. डॅशबोर्डवर बॅटरीचा इशारा, मायलेज पडलेलं. शोरूमनं बॅटरी बदला म्हणून लाखांचा आकडा सांगितला. म्या सीटखालची जाळी खोलली. आत रुईचा थर. बोटानं ओढला तं अखंड निघाला, राखाडी, अन् त्याच्यावर डॅशबोर्डवरच्या अगरबत्तीची राख चिकटलेली. ब्रशनं साफ केलं, पंखा हवेनं फुंकला, इशारा गेला.

दुसरं. मोठी बॅटरी भरली असली तरी १२ व्होल्टवाली छोटी बसली का गाडी जागची हालत नाई. महिनाभर गाडी गोडाऊनात लावून तीर्थयात्रेले जानारे लोक मले दर वर्सी फोन करतात.

बाकी कोनी नारिंगी वायरीले हात लावू नका बाप्पा. दोनशे व्होल्टच्या वर राह्यते त्याच्यात. मीबी रबरी हातमोजे घातल्याबिगर अन् सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचा करंट तोडनारा) काढल्याबिगर झाकन खोलत नाई.

सरकी_रुई, हिंगणघाट

मिस्त्रीभाऊ, हे कोणत्याच जाहिरातीत येत नाही. जिनच्या आवारात गाडी लावणाऱ्यांनी जाळी किती दिवसांनी बघायची?

मिस्त्री_पांढरकवडा

हंगामात महिन्याले एकदा. बाकी वेळ सर्व्हिसिंगले गेली का. मागच्या सीटवर कापडाचा गठ्ठा, स्वेटर, पोत्याचा तुकडा टाकून जाळी झाकू नका म्हंजे झालं.

समृद्धीवाला, कारंजा लाड

तुम्ही सगळे मेलेल्या घोड्याला खरारा करताय. हायब्रिडचा काळ संपला.

पैशाचं बघा. सप्टेंबर २०२५ च्या आधी मोठ्या हायब्रिडवर जीएसटी आणि उपकर मिळून ४३ टक्के होते, मोठ्या एसयूव्हीवर ५०. म्हणजे हायब्रिडला सात टक्क्यांची सवलत होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोघांनाही ४० टक्के. सवलत गेली. इलेक्ट्रिकला मात्र पाचच टक्के. वरून राज्याच्या २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक कारला समृद्धीवर टोलमाफी, हायब्रिडला नाही. नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर आहे, जाऊन-येऊन टोलचा हिशेब तुम्हीच करा.

घरावर सोलर आहे, ऊन फुकट आहे. विदर्भाइतकं ऊन दुसऱ्या कोणाकडे आहे? त्याच उन्हाला तुम्ही शत्रू मानून बसलात.

डॉक्टर_दारव्हा

सोलर माझ्याही छतावर आहे. पण रात्री अकराला पेशंटला घेऊन सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात निघायचं म्हटलं आणि गाडीत २० टक्के उरलेत, तर छतावरचं ऊन काय कामाचं? समृद्धीवर चार्जर मिळेल. दिग्रस, पुसद, उमरखेड या बाजूला आतल्या रस्त्याने निघा आणि मग बोला. पेट्रोल पंप मात्र तालुक्यालाच काय, फाट्यालाही आहे.

कराचं तुमचं बरोबर आहे, तो भाग मला खटकतोच. इंधन वाचवणारी गाडी आणि न वाचवणारी, दोन्ही एका मापाने मोजायच्या हा अजब न्याय झाला. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता. आपल्याकडे कोणी विषयही काढत नाही.

समृद्धीवाला, कारंजा लाड

रात्री अकराची गोष्ट मान्य. पण तशी रात्र वर्षातून किती वेळा येते, आणि टोलनाका किती वेळा?

सोयाबीन_झाला_सस्ता, मालेगाव वाशिम

इतका वेळ वाचून रायलो. कोनाले एसीची पडली, कोनाले टोलची. आमच्या वाशिम जिल्ह्यात हायब्रिड काय न् फायब्रिड काय, लोकाईच्या ट्रॅक्टरचे हप्ते थकले हायत.

पन एक सांगा. हायब्रिडच्या पुढं आता इथेनॉलवाली हायब्रिड येनार म्हनतात. गडकरीसाहेबांनी ऑगस्ट २०२३ मधी दिल्लीत इनोव्हा हायक्रॉसची फ्लेक्स-फ्युएलवाली दाखवली, इथेनॉल अन् बॅटरी दोनीवर चालनारी. शेतकरी ऊर्जादाता होईल म्हने. आयकाले लय गोड वाटते. पन इथेनॉल कशाचं? बरंचसं मक्याचं. मक्यातून इथेनॉल काढलं का मांगं जो चोथा उरते, डीडीजीएस म्हनतात त्याले, थो कोंबड्याईच्या खाद्यात सस्त्यात जाते. मंग सोयाबीनची ढेप, तेल काढून उरते थे, कोन घेनार? ढेप पडली का सोयाबीन पडलं. २०२५-२६ ले हमीभाव ५,३२८ रुपये, अन् मंडीत काय भाव भेटला थे आमाले इचारा.

म्हंजे तुमच्या गाडीचं पेट्रोल वाचवाले सोयाबीनवाल्याचा खिसा कापला गेला. याचं उत्तर द्या कोनी.

डॉक्टर_दारव्हा

दादा, चोथ्याचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, व्यापारीही तेच सांगतात. पण भाव पडण्यात खाद्यतेलाच्या आयातीचा वाटाही मोठा आहे, सगळं इथेनॉलच्या माथी मारता येणार नाही. आणि एक उलटी बाजू: इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणून ते नुसत्या इंजिनात जाळण्यापेक्षा हायब्रिडमध्ये जाळणं शहाणपणाचं, निदान ब्रेकमध्ये गेलेलं तरी परत येतं. तेवढंच इथेनॉल जास्त किलोमीटर पुरेल, म्हणजे मकाही कमी लागेल.

सोयाबीन_झाला_सस्ता, मालेगाव वाशिम

कमी लागला तं मक्यावाल्याचा भाव पडन. कोनाचा तरी पडतेच नं.

व्ही८_संत्रा, वरुड

सोयाबीनदादांपुढे बोलायला तोंड नाही, तरी धाग्याच्या विषयावर एक राहिलं. सरकीभाऊ, तुम्ही डिझेलचं नाव घेतलंत. आजच्या जर्मन डिझेलमध्येही ४८ व्होल्टची छोटी हायब्रिड यंत्रणा आलीच आहे. २०२२ मध्ये आपल्याकडे आलेल्या सी-क्लासमध्ये पेट्रोल असो की डिझेल, स्टार्टर-जनरेटर बसवलेलाच. म्हणजे हायब्रिडपासून पळून तुम्ही जिथे जाताय तिथेही हायब्रिडच बसलंय.

सरकी_रुई, हिंगणघाट

त्याला मी हायब्रिड मानत नाही. ती मोटार एकटी गाडी ढकलत नाही, इंजिनाला नुसता हात देते आणि चढावर किंवा सिग्नलवर सुरू-बंद हळुवार करते. पण तेवढ्यावर गाडीच्या मागे हायब्रिडचं अक्षर चिकटवून जास्तीचे पैसे मागत नाहीत, म्हणून माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती जडशीळ बॅटरी गळ्यात मारून, 'विजेवर साठ किलोमीटर' असं सांगून, घरी चार्जिंग होईल का हे न विचारता गाडी विकणाऱ्यांची. आमच्या गावातल्या एकाने अशी गाडी घेतली. चार्जरचं खोकं डिकीत अजून प्लास्टिकसकट आहे.

समृद्धीवाला, कारंजा लाड

तो दोष गाडीचा की मालकाचा?

सरकी_रुई, हिंगणघाट

मालकाचा म्हणा. पण गाडी मालकच चालवणार ना? यंत्र चांगलं असून माणूस ते वापरतच नसेल तर त्याच्या किमतीला अर्थ काय?

मिस्त्री_पांढरकवडा

थ्या गाडीवाल्याले सांगा, चार्जर लावाच्या आधी घरची अर्थिंग तपासून घ्या. निम्म्या घरांत अर्थिंगची तार नुसती भिंतीत खुपसलेली राह्यते. चार्जर लाल दिवा दाखवते अन् लोक म्हनतात गाडी खराब हाय. खड्डा खोदून, मीठ-कोळसा टाकून नीट पाइप गाडा, उन्हाळ्यात त्याच्यात पानी टाकत जा. वायरमन वनी-वरोऱ्याकडचा पाह्यजे असन तं मले मेसेज करा, एक चांगला हाय ओळखीचा.