अनुभव धागा: तुमचं (किंवा तुमच्या बाळाचं) नाव कुणी, काय बघून ठेवलं?

माजघर
परवा आईकडचा माळा आवरताना एक पितळी तांब्या सापडला. काळाठिक्कर. घासल्यावर काठाखाली कोरलेलं दिसलं, 'चि. द्वारका हिस'. द्वारका म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. मी म्हटलं, आजीचा तांब्या दिसतोय. आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझा आहे तो."

मी ५२ वर्षांची. आईचं नाव सुनंदा, एवढंच मला माहीत. माहेरी तिला सगळे माई म्हणत, त्यामुळे कधी प्रश्नच पडला नाही. सासू द्वारका आणि सून पण द्वारका, मग सुनेला हाक मारणार कशी? सासूचं नाव घेऊन ओरडल्यासारखं व्हायचं. म्हणून लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने 'सुनंदा' लिहिलं, विषय संपला. तांब्या तोपर्यंत कोरून झाला होता, तो माळ्यावर गेला.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे भाचीला मुलगी झालीय, पुढच्या रविवारी बारसं. मघा पहिलं चरण, अक्षर 'मा'. ग्रुपवर अर्थासकट याद्या फिरतायत. भाचीचं मायरा ठरत आलंय. आईने विचारलं, म्हणजे काय? भाची म्हणाली, प्रिय. आई "बरं" म्हणाली. ते 'बरं' कसलं असतं तुम्हाला ठाऊक आहे.

तर सांगा. अर्थ बघितलात का? देवाचं, आजीचं, नक्षत्राचं, सिनेमातलं? नंतर चुकल्यासारखं वाटलं का?

डबा_विसरले
पहिली मी! आमच्या चिरंजीवांचं आर्द्रा तिसरं चरण. अक्षर काय, तर 'ङ'. गुरुजी स्वतःच म्हणाले 'घ'वर भागवा. घनश्याम. नवरा म्हणाला त्यापेक्षा ङ च ठेवू. हाक ईशान, पत्रिकेत घनश्याम, तो आता लग्नातच बाहेर येईल. बाकी रात्री लिहिते, शिट्ट्या झाल्या.

आडवाटसरू
हस्त चौथं चरण असतं तर 'ठ'. ठकसेन म्हणत बसला असतात. थोडक्यात वाचलात.

डबा_विसरले
आणि मुलगी असती तर ठमाबाई. हल्ली एकही ठमा दिसत नाही बाकी.

ऱ्हस्वदीर्घ
संस्कृत शिकवण्यात ३१ वर्षं गेली, त्यामुळे ओळखीत बाळ झालं की मला फोन येतो. नाव आधीच ठरलेलं असतं, माझ्याकडून फक्त अर्थ हवा असतो, तोही चांगला. मायरा संस्कृत नाही. रेयांशही नाही. 'सूर्याचा अंश'च पाहिजे तर रव्यंश होईल, आणि ते कुणी ठेवणार नाही कारण रव्याचा लाडू आठवतो.

दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी अनय ठेवलं. कोशात अनय म्हणजे अनीती. मराठी कवितेत अनय म्हणजे राधेचा नवरा, ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मला विचारलं, सर, कसं वाटलं नाव? माझ्या तोंडात त्यांचाच पेढा. छान म्हटलं. आता तो अनय जिना चढून माझा चष्मा ओढायला येतो तेव्हा कोशाची आठवण येत नाही, हेही कबूल करतो.

माजघर
सर, मायराबद्दल भाचीला सांगू का मग?

ऱ्हस्वदीर्घ
बाळंतिणीला? अजिबात नको.

कोकणी_समीर
माझं नाव संस्कृतात वारा, अरबीत रात्रीच्या गप्पांचा सोबती. चिपळूणला शाळेत बाई म्हणायच्या वाऱ्यासारखा पळतोस. घरी अब्बा म्हणायचे रात्रभर बडबडतोस. दोन्ही खरं होतं.

म्युनिकवाली
आम्ही अर्थ बघूनच ठेवलं आणि तिथेच फसलो. मुलगा पुण्यात झाला, नाव आर्य. श्रेष्ठ, सभ्य वगैरे. तो चार वर्षांचा असताना इकडे आलो. किंडरगार्टनच्या बाईंनी पहिल्या दिवशी नाव दोनदा विचारलं, मग स्पेलिंग, मग हळूच, याला घरी दुसरी काही हाक आहे का. मला वाटलं उच्चार जमत नसेल.

मग शेजारच्या आजींनी चहाला बोलावून सांगितलं. नाझींच्या काळात 'आर्य' असल्याचं कागदावर सिद्ध करावं लागे. स्वतःचा, आईवडिलांचा, दोन्हीकडच्या आजीआजोबांचा, असे सात जन्मदाखले आणि वर तीन लग्नदाखले. त्यांच्या वडिलांनी नोकरीसाठी ते चर्चाचर्चांतून फिरून गोळा केलेले. त्या रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, तुमच्याकडे तो शब्द वेगळा आहे हे मला कळतं, पण बागेत तुम्ही जोरात हाक मारता तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. काय बोलणार? तेव्हापासून बागेत तो आरू. कागदावर आर्यच आहे, मोठा होऊन काय ते ठरवेल.

धाकटीच्या वेळी धडा घेऊन साधं मीरा ठेवलं. सुट्टीत स्पेनला गेलो तर तिथे 'मिरा' म्हणजे 'बघ'. समुद्रावर प्रत्येक आई पोराला मिरा मिरा करतेय आणि आमची प्रत्येक वेळी वळून बघतेय. संध्याकाळपर्यंत मान दुखली बिचारीची.

आडवाटसरू
मीराबाईंना माहीत असतं तर द्वारकेऐवजी तिकडेच गेल्या असत्या.

चिमणचारा
आमच्याकडे अर्थाचा नाही, आत्याचा प्रॉब्लेम. नाव ठरलं होतं स्वरा. नणंदबाईंनी पाळण्यात वाकून कुर्रर्र केलं आणि कानात सांगितलं शर्वरी. त्यांच्या मनात असलेलं! सगळ्या बायकांनी ऐकलं, पाठीवर धपाटे पडले, पेढे वाटून झाले. मी बाजेवर बसून बघतेय. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी पालिकेत जाऊन स्वरा नोंदवलं. ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी, जन्माची नोंद २१ दिवसांत करा, नावाची जागा रिकामी ठेवली तरी चालते, वर्षाच्या आत नाव फुकट घालता येतं. नंतर फी पडते. नणंद अजून शर्वरीच म्हणते. पोरगी दोघींना ओ देते, गद्दार.

डबा_विसरले
पाठीवर धपाटे! मला वहिनीने इतक्या जोरात मारला होता की तो जुना हिशोब होता हे नक्की.

धोंडोपंत_तिसरे
टोपणनावावरून कळलंच असेल. पणजोबांच्या आधीची चार मुलं गेली, म्हणून पाचवा धोंडो. दगडासारखा टिकावा, आणि यमाने यादीत वाचलं तरी टाकाऊ समजून पुढे जावं. ९१ वर्षं टिकले. आजी सांगायची, कुणी सुईणीला पोर देऊन सूपभर कोंड्यावर परत विकत घ्यायचे, तो कोंडाजी. अर्थ बघाल तर कोंडा, आणि कोंडाजी फर्जंदांनी १६७३ मध्ये साठ मावळे घेऊन पन्हाळा घेतला.

कृष्णाकाठ
मुलगे टिकावेत म्हणून धोंडो. मुलींची वेगळीच तऱ्हा. मी झेडपीच्या शाळेत होते, वर्गात एक नकुसा आणि एक नकोशी. तिसरी-चौथी मुलगी झाली की हे नाव, म्हणजे पुढचा मुलगा होतो म्हणे. हजेरी घेताना त्या ओळीवर आले की मी खाली बघून पटकन वाचायचे. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात कार्यक्रम झाला, जिल्ह्यातल्या दोनशेहून जास्त नकोशींना नवीन नावं दिली. आमच्या नकुसाने ऐश्वर्या घेतलं. शाळेत हजेरीला मी ऐश्वर्या म्हटलं, कुणी ओ देईना. तीच विसरली होती. मागची पोरं ओरडली, बाई, ती नकुसा!

मागच्या वर्षी बाजारात भेटली. आधार कार्ड, बँक, लग्नपत्रिका, सगळीकडे ऐश्वर्या. म्हटलं आई काय म्हणते आता? म्हणाली, नकूच म्हणते बाई. लाडानं म्हणते. मला तिच्या तोंडून दुसरं ऐकवत नाही.

मी भाजी न घेताच घरी आले.

चिमणचारा
वाचून पाचेक मिनिटं नुसती बसले.

लोकलचा_दरवाजा
विंडो मिळालीय म्हणून लिहितो, चुका पोटात घाला. अर्थ बघायचा की नाही हा प्रश्न आमच्या घरात पडलाच नाही. पणजोबा कचरू, आजोबा धोंड्या. धोंडोपंत, राग मानू नका, पण आमचा धोंड्या पंतांपर्यंत कधी पोचला नाही. गावात 'ड्या-ऱ्या' लावल्याशिवाय आम्हाला हाक नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजोबा नागपुरात होते. कसे पोचले याच्या तीन गोष्टी सांगायचे, तिन्ही वेगळ्या. पुढच्या वर्षी वडील झाले. कुणा मास्तरांनी सांगितलं होतं की मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनाला प्रश्नावर प्रश्न विचारणारा राजा. आजोबा म्हणाले, मग हेच. आपल्यात प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. काका राहुल, आत्या संघमित्रा. वडील पुढे औरंगाबादला, बाबासाहेबांनी १९५० ला काढलेल्या मिलिंद महाविद्यालयातच शिकले, वर्गात सहा मिलिंद.

आता दुसरी बाजू. भाड्याने घर बघताना एजंट माझ्या नावावर थांबत नाही. पूर्ण नाव? वडिलांचं सांगितलं की, आडनाव? मग मालकांचा पाहुणा अचानक येणार असतो. मुलगी झाली तेव्हा बायको म्हणाली, असं ठेवू की कुणाला काही कळू नये. दोन दिवस बोललो नाही आम्ही. तिचंही खोटं नव्हतं. यशोधरा ठेवलं शेवटी. शाळेत यशू.

गंमत म्हणजे तो नागसेन पहिल्याच भेटीत मिलिंदाला सांगतो की नागसेन हे नुसतं हाकेपुरतं नाव. चाक म्हणजे रथ नाही, दांडा म्हणजे रथ नाही. मला पटतं. एजंटला कोण समजावणार? चला, दादर आलं.

ऱ्हस्वदीर्घ
यशोधरा. या अख्ख्या धाग्यात मला न विचारता ठेवलेलं सगळ्यात चोख नाव. आशीर्वाद.

म्युनिकवाली
+१. आणि तुमच्या आजोबांच्या तिन्ही गोष्टी हव्यात, वेगळा धागा काढा.

लोकलचा_दरवाजा
काढतो. रविवारी.

डबा_विसरले
विषयांतर. बारशाच्या घुगऱ्या कशाच्या करता? आमच्याकडे हरभऱ्याच्या, सासूबाई गव्हाच्या म्हणतात. उद्या जावेच्या नातवाचं आहे, ४० माणसं.

धोंडोपंत_तिसरे
हरभरे. रात्री भिजवा. आणि उरल्या तर डब्यात भरून पोरांना द्या, उद्या मोठेपणी 'तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात' म्हणायला साक्षीदार हवेत.

चिमणचारा
माजघर, आईंना आता कुणी द्वारका म्हणून हाक मारली का?

माजघर
मी मारून बघितली, स्वयंपाकघरातून. ओ दिली नाही. दुसऱ्यांदा मारली तर म्हणाली, सासूबाई आल्या की काय असं वाटलं, नको गं.

बारसं काल झालं. मायराच. कागदावर मायरा, मग भाचीचं नाव, मग जावयांचं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांचं तसंच लिहायचं आहे, आईचं आधी. आईला हे फार आवडलं, दोनदा वाचून घेतलं. तांब्या ती मायराला देणार म्हणून त्यावर नाव घालायला मी तांबट आळीत गेले होते. त्याने विचारलं, जुनं पुसून टाकू? आईला फोन केला. म्हणाली, राहू दे, खाली जागा आहे ना.

आडवाटसरू
मशीनने घातलं की हाताने?

माजघर
मशीनने. हाताने घालणारे आजोबा गावी गेलेत म्हणे. अक्षर फार सारखं आलंय, वरचं जरा वाकडं आहे.

डबा_विसरले
घुगऱ्या कमी पडल्या. ४० म्हणाले आणि ६० आले.