मुलगा किकर आहे (अमेरिकन फुटबॉल), जूनमधले रिक्रूटिंग कॅम्प कसे निवडायचे?

सातारकर_जर्सी
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. मुलगा सोफोमोर आहे, म्हणजे आपली दहावी. लहानपणापासून सॉकर खेळायचा, मागच्या वर्षी शाळेच्या फुटबॉल कोचने त्याला फ्री किक मारताना बघितलं आणि किकर (फक्त बॉलला किक मारायला येणारा खेळाडू) म्हणून घेतलं, या सीझनला व्हर्सिटीत (शाळेच्या मुख्य संघात) होता, ३८ यार्डांचा एक फील्ड गोल (किक मारून बॉल दोन पोस्टच्या मधून घालवणं) मारला आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात कॉलेज फुटबॉलशिवाय दुसरं काही नाही. घरात हा खेळ आधी कुणी खेळलेलं नाही त्यामुळे विचारायला माणूस नाही.

आता जानेवारीपासून मेल येतायत, "आमच्या कोचेसना तुला प्रत्यक्ष बघायचंय" असं लिहिलेलं, आत्तापर्यंत नऊ कॉलेजांचे आले. पोरगा हवेत आहे. सगळे कॅम्प जूनमध्येच आणि २८ जूनला साताऱ्याला आईची पंच्याहत्तरी. नऊच्या नऊ करणं ना खिशाला परवडणार ना सुट्टीत बसणार. कुठले करू, कुठले सोडू? की यावर्षी थांबू?

लीहाय_व्हॅलीची_आई
दादा, आधी अभिनंदन, ३८ यार्ड दहावीत म्हणजे खरंच छान. पण ते मेल बोलावणं नाहीये हो, ती कॅम्पची जाहिरात आहे. अकरावीच्या (ज्युनिअर) वर्षाच्या १ सप्टेंबरआधी डिव्हिजन वनचा फुटबॉल कोच मुलाला रिक्रूटिंगचं मेल किंवा टेक्स्ट पाठवूच शकत नाही, एनसीएएचा (कॉलेजच्या खेळांची संघटना, तिच्यात वन, टू, थ्री अशा तीन डिव्हिजन म्हणजे पातळ्या) नियम आहे. कॅम्पची माहिती आणि प्रश्नावली मात्र कधीही पाठवता येते, म्हणून सगळ्यांना तेच मेल जातं. आणि कॉलेजचा कॅम्प नियमाने सगळ्यांना खुला ठेवावा लागतो, फक्त वय, इयत्ता, मुलगा-मुलगी आणि संख्येची अट घालता येते. त्यामुळे "निवडक खेळाडूंसाठी" वगैरे वाचून कार्ड काढू नका.

आम्ही ही चूक केलीय म्हणून सांगते. माझा मुलगा पण किकर, आता पेनसिल्व्हेनियात एका डिव्हिजन थ्री कॉलेजात खेळतो. दहावीनंतरच्या जूनमध्ये एका मोठ्या नावाच्या कॉलेजच्या कॅम्पला पाच तास गाडी चालवत नेलं. तिथे तीसच्या वर किकर, प्रत्येकाला मोजून चार किक, आणि स्पेशल टीम्सचे (म्हणजे किकर्सचे) कोच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला रिसीव्हर्सकडे (बॉल झेलणाऱ्यांकडे). एक कॉलेजचा विद्यार्थी क्लिपबोर्डवर टिकमार्क करत होता बस. येताना पोरगा गाडीत एक शब्द बोलला नाही. मला तो रस्ता अजून आठवतो.

पुढच्या वर्षी उलटं केलं. आधी त्याने स्वतः (त्यानेच, आम्ही नाही) कोचला मेल लिहिला, हडलवरच्या (खेळाचे व्हिडिओ टाकायची साइट) फिल्मची लिंक, मार्क, कुठल्या वर्षी शाळा सुटणार, आणि सरळ प्रश्न की तुम्हाला त्या वर्षी किकर लागणार आहे का. उत्तर आलं तिथेच गेलो. तिथले कोच त्याला नावाने हाक मारून म्हणाले, तुझी फिल्म पाहिलीय, वाऱ्याच्या विरुद्ध मारून दाखव. अर्धा तास स्टॉपवॉच घेऊन त्याच्या मागे उभे होते. आज तो तिथेच आहे.

अजून एक, प्रत्येक कॉलेजच्या साइटवर रोस्टर (टीममधल्या खेळाडूंची यादी) असतो तो उघडून बघा. एका टीमला किकर लागतात दोन-तीन. जो किकर आत्ता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे तो साधारण बाहेर पडेल तेव्हा तुमचा मुलगा पोचेल, ती जागा त्याच्या कामाची. आत्ता फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा) किकर जोरात खेळत असेल तर तिथे कॅम्पला पैसे घालून काय मिळणार?

डिव्हिजन वनच्या कोचचं उत्तर नाही आलं तर या वर्षी मनाला लावून घेऊ नका, त्यांना लिहिताच येत नाही अजून. डिव्हिजन टूला दहावी संपल्यावर १५ जूनपासून लिहिता येतं. डिव्हिजन थ्रीवाले कधीही लिहू शकतात, म्हणून या जूनमध्ये तिथून खरं काय ते कळेल.

डावा_पाय
काका मी स्वतः कॉलेजमध्ये किक केलंय, वॉक-ऑन (स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये आलेला) होतो. माझं मराठी घरातलं आहे, लिहिताना चुका होतील.

कॅम्प निवडायच्या आधी एक विचारतो, तो ब्लॉकवरून (बॉलखाली ठेवायचा छोटा ठोकळा) किक मारतो का? कारण हायस्कूलमध्ये फील्ड गोलला दोन इंचांपर्यंतचा ब्लॉक चालतो, कॉलेजमध्ये बॉल जमिनीवरच. कॉलेजच्या कॅम्पला ब्लॉक घेऊन उभा राहिला तर कोचला काही कळत नाही की हा आमच्याकडे चालेल की नाही. मी सोडला तेव्हा पहिले दोन आठवडे पाय बॉलच्या आधी जमिनीला लागायचा, ४० यार्डांवरून मारणारा मी ३० वर आलो. तर आत्ता मार्चपासूनच सोडा, जूनपर्यंत बसेल. शिवाय हायस्कूलचे पोस्ट २३ फूट ४ इंच रुंद असतात, कॉलेजचे १८ फूट ६ इंच, म्हणजे शाळेत आत गेलेला बॉल तिथे बाहेर असू शकतो. किकऑफ पण शाळेत ४० यार्डांवरून, कॉलेजात ३५ वरून. कोच किकऑफचा हँग टाइम (बॉल किती वेळ हवेत राहतो) बघतात, ४ सेकंदांच्या आसपास वर राहिला तर मान वर करून बघतात.

फक्त किकर्सचे वेगळे कॅम्प असतात, कोल्स वगैरे, तिथे प्रत्येक किक मोजतात आणि रँकिंग देतात. एक करा, तो कुठे आहे ते तुम्हालाच कळेल. पण सलग तीन दिवस तीन कॅम्प नका करू, तिसऱ्या दिवशी पाय उचलत नाही आणि नेमका त्याच दिवशी हवा असलेला कोच समोर असतो. माझं झालंय. फिल्म मागून काढा आणि सलग ठेवा, चुकलेल्या किक कापू नका, कोचला कापलेलं कळतं.

समुपदेशक_वैशाली
मी इथे हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे, पैशाचं आणि अभ्यासाचं तेवढं सांगते. डिव्हिजन वनसाठी १६ कोर (इंग्रजी, गणित, विज्ञान असे मुख्य) विषय आणि त्यात किमान २.३ जीपीए (ग्रेडची सरासरी) लागतो, आणि त्यातले १० विषय बारावी सुरू व्हायच्या आत व्हावे लागतात. अकरावीचे विषय निवडायची वेळ हीच आहे तेव्हा काउन्सेलरला आत्ताच भेटा. पात्रतेसाठी एसएटीची (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) अट २०२३ मध्ये काढली, पण कॉलेज स्वतः मागू शकतं.

आणि डिव्हिजन थ्रीला कमी समजू नका. आपल्याकडे कुणाच्या घरी सांगितलं की एवढंसं तोंड करतात, याचं मला वाईट वाटतं. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स फुटबॉल डिव्हिजन थ्रीमध्येच खेळतात. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, तुमच्या जवळच्या प्रिन्स्टनला पण नसते कारण आयव्ही लीगच (प्रिन्स्टन ज्यात आहे तो आठ नामवंत विद्यापीठांचा गट) देत नाही, पण घरच्या उत्पन्नानुसार मदत मिळते. कॅम्पची फी भरण्याआधी त्या कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता तुम्हाला किती खर्च येईल ते सांगतो) भरून बघा. परवडणारच नसेल तर पोराला तिथे नेऊन आशा लावू नका.

सातारकर_जर्सी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघं रोस्टर उघडून बसलो. नऊपैकी पाच ठिकाणी किकर फ्रेशमन निघाले, ते त्याने स्वतःच खोडले. उरलेल्यांना तो मेल लिहितोय, मी हात लावलेला नाही. जूनच्या पहिल्या तीन वीकेंडना एकेक कॅम्प, जास्त नाही, आणि २४ ला तिकीट. आज सकाळी बघतो तर किट बॅगेतला ब्लॉक त्याने काढून गॅरेजच्या फळीवर ठेवलाय.

एकच विचारायचं राहिलं, बॉल धरायला कॅम्पमध्ये माणूस देतात की स्टँड आपला न्यायचा?

डावा_पाय
आपला न्या, आणि त्यावर नाव लिहा. ३० किकर्सचे ३० सारखेच स्टँड असतात.