शब्दचर्चा: ‘कर्णधाराची निवड’ म्हणजे कोणी कोणाची केलेली?

मोरपीस

व्यावसायिक गोल्फमधली संघनिवड आणि त्याभोवतीचे वाद यांवरच्या एका लांबलचक लेखाचं मराठी करते आहे. दोन जागी अडले आहे.

पहिली जागा. रायडर कप म्हणजे अमेरिका आणि युरोप यांच्यातली गोल्फची सांघिक स्पर्धा. तिच्या संघात बारा खेळाडू असतात. २०२३ आणि २०२५ या दोन्ही वेळी अमेरिका काय, युरोप काय, सहा खेळाडू गुणतालिकेवरून आपोआप ठरले आणि उरलेले सहा कर्णधाराने स्वतःच्या अधिकारात घेतले. या दुसऱ्या सहांना ‘कॅप्टन्स पिक’ म्हणतात. मी ‘कर्णधाराची निवड’ असं सरळ लिहीत गेले. पुढच्याच परिच्छेदात हेन्रिक स्टेन्सन आला. युरोपने त्याला मार्च २०२२ मध्ये कर्णधार नेमलं, जुलैत तो लिव्ह गोल्फकडे, म्हणजे सौदी पैशावर उभ्या राहिलेल्या प्रतिस्पर्धी मालिकेकडे, गेला म्हणून काढलं, आणि ऑगस्टमध्ये ल्यूक डोनल्डला आणलं. तिथेही ‘कर्णधाराची निवड’ हाच शब्द येतो. आता एकाच पानावर एकाच शब्दाचे दोन अर्थ नांदताहेत.

दुसरी जागा ‘ऑफ-कोर्स’ वाद. ‘कोर्सबाहेरचा’ लिहिलं की परीक्षेत पुस्तकाबाहेरचा प्रश्न आल्यासारखं वाटतं. ‘मैदानाबाहेरचा वाद’ चालेल?

अर्थार्थी

पहिल्याचं मूळ षष्ठीत आहे. ‘आईची आठवण’ म्हणजे आईला आलेली की आईबद्दल आलेली, हे मराठी कधीच आपणहून सांगत नाही. मागचंपुढचं वाक्य सांगतं. ‘कर्णधाराची निवड’ तसंच. निवडणारा कर्णधार की निवडला गेलेला कर्णधार, दोन्ही शुद्ध.

क्रिकेटच्या बातम्या वाचून आपल्या कानाला यातला दुसराच अर्थ सवयीचा झालाय, कारण तिथे खेळाडू निवडायला निवड समिती असते आणि कर्णधारालाही बहुधा तीच निवडते. रायडर कपमध्ये कर्णधार हीच अर्धी निवड समिती. शिवाय तो स्वतः खेळत नाही. टेनिसच्या डेव्हिस कपमुळे ‘न खेळणारा कर्णधार’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे छापून येत आला आहे, तो इथे बिनदिक्कत वापरा. नाहीतर वाचक कर्णधाराला हातात काठी घेऊन मैदानात शोधत बसेल.

माझी सूचना: कर्णधार नेमण्याला कायम नेमणूक म्हणा, आणि कर्णधाराने घेतलेल्या खेळाडूंना कर्णधाराच्या अधिकारातल्या जागा. स्टेन्सनची नेमणूक झाली, नेमणूक रद्द झाली. ‘निवड’ हा शब्द फक्त खेळाडूंसाठी राखून ठेवा.

तिरकस

‘अधिकारातल्या जागा’ म्हणजे एखाद्या खात्याचं परिपत्रक वाटतं. लोक बोलताना ‘कोटा’ म्हणतात. ‘कर्णधाराच्या कोट्यातून जस्टिन थॉमस आला.’ ऐकणाऱ्याला एका फटक्यात कळतं. त्यात जी किंचित कुजबुज आहे ना, ‘कोट्यातून आला हं’, ती तर हवीच आहे. २०२३ मध्ये थॉमस अमेरिकेच्या यादीत पंधरावा होता, कीगन ब्रॅडली अकरावा. अमेरिकेचा कर्णधार झॅक जॉन्सन याने थॉमसला घेतलं, ब्रॅडली घरी राहिला. त्यानंतर जी चर्चा झाली ती बरोबर याच स्वरातली होती: मित्रमंडळींची टोळी, आपापल्यातले.

अर्थार्थी

कुजबुज लेखकाची असेल तर ठेवा. पण मूळ शब्द तटस्थ आहे. सुझान पेटरसनला कोट्यातली म्हणाल का? २०१९ च्या सोलहाइम कपला, म्हणजे महिलांच्या रायडर कपला, युरोपची कर्णधार कॅट्रिओना मॅथ्यू हिने तिला घेतलं तेव्हा ती मातृत्वाच्या दीर्घ रजेवरून नुकती परतली होती, फारशी खेळलीही नव्हती. भुवया उंचावल्याच. ग्लेनईगल्सला शेवटच्या दिवशी शेवटचा पट, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायचा फटका, तिने टाकला, युरोप साडेचौदा-साडेतेरा जिंकला, आणि तिने तिथेच निवृत्ती जाहीर केली. अशा निवडीला ‘कोटा’ म्हणणं अन्याय आहे. ‘वर्णी लागली’सुद्धा नको, ती मूळची अनुष्ठानाला बसवण्यातली असली तरी आज मंडळं-महामंडळांच्या बातम्यांनी तिला पुरती वशिल्याची करून टाकली आहे.

मोरपीस

‘कर्णधाराची पसंती’ कसं वाटतं? म्हणजे ‘पेटरसन ही मॅथ्यूची पसंती’.

कोशकिडा

पसंती उत्तम. ‘पसंती’त निवडणारा आपोआप कर्ता होतो. ‘मॅथ्यूची पसंती’ याचा अर्थ मॅथ्यू कोणाला पसंत पडली असा सहसा कोणी घेत नाही. ‘निवड’ दोन्हीकडे झुकते, ‘पसंती’ एकीकडेच. शिवाय तीत मर्जीचा वास नाही, पण जबाबदारी मात्र आहे: पसंती चुकली तर ती कोणाची हे विचारता येते. या खेळात हरल्यावर पहिला प्रश्न तोच असतो.

मात्र ब्रॅडलीच्या २०२५ च्या प्रसंगाशी गाठ पडली की दोन्ही अर्थ एकमेकांत अडकतात. ज्याला २०२३ मध्ये घेतले नाही त्यालाच अमेरिकेने पुढच्या खेपेला कर्णधार नेमले. त्या मोसमात तो इतका चांगला खेळला की गुणतालिकेत पुन्हा अकरावा आला, आणि स्वतःलाच संघात घ्यावे की नाही हा पेच त्याच्यासमोर उभा राहिला. घेतले असते तर १९६३ च्या आर्नल्ड पामरनंतरचा रायडर कपमधला पहिला खेळणारा कर्णधार ठरला असता. त्याने स्वतःला घेतले नाही. ‘कर्णधाराची निवड झाली नाही’ हे वाक्य या एका प्रसंगापुरते अगदी खरे आहे, फक्त ते वाचून कोणाला काय झाले हे कळणार नाही.

टायगर वुड्सने २०१९ च्या प्रेसिडेंट्स कपला (अमेरिका विरुद्ध युरोप सोडून उरलेले जग) नेमके उलट केले. स्वतः कर्णधार असून स्वतःला घेतले, आणि ते जाहीर करताना स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषी केला. कर्ता आणि कर्म एकच झाले की माणूस आपोआप व्याकरणाच्या आश्रयाला जातो.

तिरकस

आणि मेलबर्नला तिन्ही सामने जिंकला. कर्त्याने कर्माला न्याय दिला म्हणायचा.

मोरपीस, तुमच्या यादीत न घेतलेल्यांसाठी कोणता शब्द आहे? कारण खरी धुसफूस तिथे असते.

मोरपीस

सगळीकडे ‘वगळले’.

तिरकस

तिथे हात मोकळा सोडा की. मराठीत यासाठी जेवढे शब्द आहेत तेवढे फार कमी भाषांत असतील.

‘वगळणे’ थंड आहे, आकडेवारीसारखं. ‘डावलणे’त वाक्य लिहिणारा निकाल देऊन मोकळा होतो: याचा हक्क होता, तो मारला. आद्रियान मेरोंकबद्दल लिहाल तर डावललं लिहा, कमीतकमी त्याच्या तोंडी तरी. २०२३ ची स्पर्धा रोमजवळच्या मार्को सिमोने मैदानावर होती. त्याच मैदानावर त्याच वर्षी मे महिन्यात तो इटालियन ओपन जिंकला होता. तरी डोनल्डने त्याला घेतलं नाही. तो उघड चिडला आणि पुढच्या वर्षी लिव्हकडे निघून गेला.

‘डच्चू’ फक्त त्यालाच, जो आधी संघात होता. मेरोंकला डच्चू मिळाला असं लिहिता येणार नाही, तो रायडर कप कधी खेळलाच नव्हता. ‘पत्ता कटला’ म्हणजे कोणीतरी खेळी करून कापला, पुरावा असेल तरच लिहा. आणि स्टेन्सनला? नारळ दिला. नारळ पदावरच्या माणसालाच देतात, खेळाडूला नाही. तिथे दुसरा शब्दच बसणार नाही.

अर्थार्थी

नारळाला माझी हरकत एवढीच, की नारळ देणाऱ्याचा त्यात थोडा तरी निरोपाचा सूर असतो. इथे करार मोडल्यावरून तडकाफडकी काढलं होतं. ‘पदावरून हटवलं’ पुरेसं आहे. बाकी वगळणे-डावलणे हा फरक शंभर टक्के मान्य. लेखात जिथे पत्रकार सांगतोय तिथे वगळणे, जिथे खेळाडू किंवा त्याचे चाहते बोलताहेत तिथे डावलणे.

आता दुसरा प्रश्न कोणी घेतला नाही, तो घेतो. ‘मैदानाबाहेरचा वाद’ रुळलेला आहे, वाचकाला अडणार नाही. पण गोल्फमधले कितीतरी ‘ऑफ-कोर्स’ वाद मैदानातच घडतात. २०२३ चं टोपीप्रकरण घ्या. अमेरिकेचा पॅट्रिक कॅन्टले रोममध्ये टोपी न घालता खेळला. बातमी आली की रायडर कपमध्ये खेळाडूंना पैसे मिळत नाहीत म्हणून हा निषेध आहे. तो म्हणाला, टोपी मला बसत नाही, बाकी काही नाही. शनिवारी संध्याकाळी त्याने अठराव्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, पट घालून सामना जिंकला, त्याचा कॅडी, म्हणजे काठ्या वाहणारा मदतनीस, जो लाकावा टोपी फिरवत नाचला, आणि अजून पट मारायचा राहिलेल्या युरोपच्या रोरी मॅकिलरॉयच्या वाटेत आला. तिथून पेटलेलं भांडण वाहनतळापर्यंत गेलं. सुरुवात ड्रेसिंग रूममधल्या पैशांच्या बातमीने, भडका ग्रीनवर, शेवट वाहनतळावर. मैदानाच्या आत की बाहेर?

म्हणून मी ‘खेळाबाहेरचा वाद’ म्हणेन. जागा कुठलीही असो, विषय खेळाचा नाही, एवढं त्यातून नीट कळतं.

कोशकिडा

सहमत. आणि टोपीच्या परिच्छेदात जपून. मराठीत टोपी घालणे म्हणजे फसवणे, टोपी फिरवणे म्हणजे शब्द बदलणे. ‘लाकावाने टोपी फिरवली’ असे लिहाल तर त्याने पक्ष बदलला असे वाटेल. ‘हातातली टोपी गरगर हलवली’ असे लिहा. मात्र प्रेक्षकांपुरती मोकळीक घ्या. त्या दिवशी युरोपच्या प्रेक्षकांनी कॅन्टलेला चिडवायला डोक्यावरच्या टोप्या काढून हवेत हलवल्या. ‘प्रेक्षकांनी त्याची टोपी उडवली’ हे वाक्य अर्थाने बरोबर आणि दृश्याने जवळजवळ बरोबर. असा योग भाषांतरकाराला वारंवार येत नाही.

मोरपीस

हे ठेवते! त्याच भागात पुढे पैशांचा मुद्दा येतो. १९९९ पासून अमेरिकेच्या प्रत्येक खेळाडूच्या नावे दोन लाख डॉलर धर्मादाय कामांना जायचे. २०२५ साठी रक्कम पाच लाख झाली: तीन लाख दानाला, दोन लाख खेळाडूला ‘स्टायपेंड’ म्हणून. कोशात स्टायपेंडला ‘विद्यावेतन’ दिलंय.

तिरकस

विद्यावेतन! कोट्यवधी डॉलर कमावणाऱ्या स्कॉटी शेफलरला! लिहाच, पुण्य लागेल.

कोशकिडा

मानधन. ज्या कामाला वेतन देणे प्रशस्त नाही, पण काहीच न देणेही बरे दिसत नाही, तिथे मराठी माणूस ‘मानधन’ म्हणतो. अमेरिकेच्या संघटनेला हीच कसरत करायची होती. युरोपचे खेळाडू काहीच घेत नाहीत, आणि ते हे ऐकवायची संधीही सोडत नाहीत, त्यामुळे ‘मान’ या अर्ध्या शब्दाला इथे चांगली धार येते.

‘वाद’ हा शब्दही सगळीकडे एकच नको. टायगरचे २००९ चे विवाहबाह्य संबंधांचे ते ‘प्रकरण’. लिव्हचा तेव्हाचा प्रमुख ग्रेग नॉर्मन आणि मॅकिलरॉय लिव्हवरून एकमेकांना सुनावत होते तो ‘कलगीतुरा’. आणि ग्लेनईगल्सला २०१४ मध्ये अमेरिका हरल्यावर पत्रकार परिषदेत, कर्णधार टॉम वॉटसन त्याच मंचावर बसलेला असताना, फिल मिकल्सनने त्याच्या नेतृत्वपद्धतीवर जे बोट ठेवले, त्याला ‘घरचा आहेर’ याहून नेमका शब्द नाही. पॅरिसला २०१८ मध्ये अमेरिकेच्याच पॅट्रिक रीडने जॉर्डन स्पीथसोबतची आपली जोडी का फोडली म्हणून नंतर जे जाहीर बोलून दाखवले, तोही घरचाच आहेर. त्याला ‘टीका’ म्हटले की कोणी केली हे महत्त्वाचे राहत नाही. इथे तेच महत्त्वाचे आहे.

अर्थार्थी

अवांतर: लिव्हचं ‘एलआयव्ही’ करू नका. ते आद्याक्षरं नाहीत, रोमन आकड्यातले चोपन्न आहेत. सुरुवातीला त्यांच्या स्पर्धा चोपन्न होलच्या होत्या, त्यावरून नाव. उच्चार लिव्ह.

मोरपीस

धन्यवाद, बरंच सुटलं. एकच राहिलं. २०२५ च्या रायडर कपला शेवटच्या दिवशी युरोपचा व्हिक्टर हॉवलंड मान दुखावल्यामुळे एकेरी खेळू शकला नाही. तेव्हा नियमाप्रमाणे अमेरिकेच्या कर्णधाराने आधीच बंद लिफाफ्यात लिहून ठेवलेलं नाव निघालं: हॅरिस इंग्लिश. तोही खेळला नाही, दोघांना अर्धा-अर्धा गुण. ब्रॅडलीने नंतर हा नियम बदलायला हवा म्हटलं. तर इंग्लिशला काय म्हणू? ‘राखीव’ नाही, तो संघात आहे. ‘विश्रांती दिली’ म्हणावं तर धडधाकट खेळाडूवर उपकार केल्यासारखं होतं.

कोशकिडा

लिफाफा लिफाफाच ठेवा, ‘पाकीट’ नको, पाकिटाचा आपल्याकडे वेगळाच अर्थ होतो. खेळाडूसाठी ‘बसवणे’ पुरे. इंग्लिशला बसवले.

पण १९९३ मध्ये बेल्फ्रीला झालेल्या रायडर कपचा उल्लेख लेखात असेल तर क्रियापद बदला. युरोपच्या सॅम टॉरन्सच्या पायाचे बोट दुखावले होते, त्यामुळे अमेरिकेचा एक खेळाडू बाहेर राहणे भाग होते. लॅनी वॉडकिन्सने आपले नाव स्वतःहून पुढे केले. तो गुणांवर आलेला नव्हता, तेव्हाही कर्णधार असलेल्या वॉटसनची पसंती होता. तिथे ‘बसवले’ म्हणता येत नाही. वॉडकिन्स बसला.