स्टार्टरच्या बोर्डावरचा रिले बदलायचाय, कोणतं सॉफ्टवेअर वापरू?

वायरमन: नमस्कार मंडळी. शेतपंपाच्या थ्री-फेज ऑटो स्टार्टरच्या बोर्डाच्या दोन फाइल हाताशी आहेत, एक एससीएच (सर्किटचा नकाशा, म्हणजे स्कीमॅटिक), एक बीआरडी (बोर्डावरची प्रत्यक्ष मांडणी). त्यातला रिले (कॉइलनं चालणारा स्विच) आता मिळत नाही. त्या जागी १२ व्होल्टचा पाच पिनांचा शुगर क्यूब (छोटा चौकोनी) रिले घ्यायचा आणि पाच बोर्ड बनवायचे. बोर्ड दोन लेयरचा (दोन्ही बाजूंना तांब्याच्या रेघा), १२० बाय ९५ मिमी. लॅपटॉप ४ जीबी, विंडोज ७. सॉफ्टवेअरवर खर्च शून्य.

तांबेपट्टी: अल्टियम हे बोर्ड डिझाइनचं सॉफ्टवेअर घ्या. लायसन्स लाखांत जातं, पण त्यावर हात बसला की दुसरं नको वाटतं. लॅपटॉपही १६ जीबीचा घ्या.

ओहम_शांती: खर्च शून्य लिहिलंय हो वर. केआयकॅड ८ टाका, तेही बोर्ड डिझाइनचंच. फुकट आहे, बोर्डाच्या आकाराला बंधन नाही. विंडोज १० मात्र लागेल.

सोल्डर६०४०: फाइल ईगल या डिझाइन सॉफ्टवेअरची असेल तर ईगलच वापरा ना, फुकट मिळतं.

जुना_पीसीबी: फुकट ईगल ८० चौरस सेंमीपर्यंतच. यांचा बोर्ड ११४ चौरस सेंमी. शिवाय ७ जून २०२६ नंतर ईगल बंद, हे त्याच्या कंपनीनं, ऑटोडेस्कनं, २०२३ मध्येच जाहीर केलंय.
आणि बीआरडी आहे म्हणून ती ईगलचीच असं धरू नका. अलेग्रो या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरची आणि लॅपटॉप रिपेअरवाल्यांच्या बोर्डव्ह्यूची फाइलही बीआरडीच. नोटपॅडमध्ये उघडा. वरच्या ओळींत ईगल आणि व्हर्जनचा आकडा वाचता आला तर ती ईगल ६ किंवा नंतरची. केआयकॅड ती सरळ घेतं. नुसता अक्षरांचा कचरा दिसला तर थांबा. ईगल ६ च्या आधीची असेल तर कुणाकडून तरी नव्या ईगलमध्ये सेव्ह करून आणावी लागेल.

सिम्युलेटर: आयआयटी मुंबईचं ईसिम बघा, तेही फुकट. केआयकॅड आणि एनजीस्पाइस (सर्किटचं सिम्युलेशन करणारं) एकत्र आहे.

जुना_पीसीबी: ईसिम चांगलं आहे, पण इथे सिम्युलेशन नकोय, रिले बदलायचाय.

ओहम_शांती: केआयकॅड ८ मधली पद्धत लिहितो. एससीएच आणि बीआरडीला एकच नाव द्या, एका फोल्डरमध्ये ठेवा. फाइल मेनूतून ईगल प्रोजेक्ट इम्पोर्ट करा. बोर्ड उघडल्यावर 'बी' दाबून कॉपर झोन (तांब्यानं भरलेले भाग) पुन्हा भरा आणि काहीही बदलण्याआधी डीआरसी (डिझाइनच्या नियमांची तपासणी) चालवा, म्हणजे जुन्या चुका कोणत्या ते कळेल.
मग स्कीमॅटिकमध्ये रिलेचं फूटप्रिंट (बोर्डावरची पिनांच्या जागांची आकृती) बदला आणि एफ८ दाबून तो बदल बोर्डावर आणा. तिथे 'फूटप्रिंट रिप्लेस करा' या अर्थाच्या पर्यायावर टिक हवी. नसेल तर जुनाच रिले बोर्डावर राहतो.
लोक अडकतात ते पुढे. ईगलच्या रिलेला पॅडची (पिन सोल्डर करायच्या जागांची) नावं पुष्कळदा ओ, पी, एस अशी असतात, केआयकॅडच्या फूटप्रिंटमध्ये १ ते ५. नावं जुळली नाहीत तर ते पॅड जोडणीविना सुटतात. नव्या फूटप्रिंटची प्रत प्रोजेक्टच्या लायब्ररीत घ्या आणि डेटाशीट समोर ठेवून पॅडची नावं बदला.
४१५ व्होल्टची बाजू आणि कॉइलची बाजू यांच्यात ८ मिमी सोडा. जागा नसेल तर मध्ये स्लॉट (आरपार खाच) कापा. शेतातल्या पेटीत धूळ आणि ओल दोन्ही असतात.

सोल्डर६०४०: पाच बोर्डांसाठी फॅब (बोर्ड बनवणारा कारखाना) कशाला? टोनर ट्रान्सफर करा, म्हणजे लेझर प्रिंट इस्त्रीनं तांब्यावर उतरवा. खालचा लेयर मिरर करून छापा.

तांबेपट्टी: खालचा मिरर न करता! इस्त्री करताना तो आपोआप उलटतो. मिरर वरचा करायचा. आणि दोन लेयर घरी नीट जुळत नाहीत.

ओहम_शांती: +१, फॅबच बरा. गर्बर (फॅबला द्यायच्या लेयरच्या फाइल) काढाल तेव्हा भोकांची ड्रिल फाइल वेगळी काढावी लागते, ती विसरू नका. झिप पाठवण्याआधी सगळं केआयकॅडच्या गर्बव्ह्यूमध्ये उघडा. एज कट्सची (बोर्डाच्या कडेची) रेघ कुठे तुटलेली नको. त्याआधी बोर्ड १:१ कागदावर छापून खरा रिले त्यावर टेकवून बघा.

सिम्युलेटर: विंडोज ७ वर चालणाऱ्या केआयकॅड ५ च्या भानगडीत पडू नका, जुनं झालं. विंडोजच बदला.

वायरमन: सगळ्यांचे आभार. नोटपॅडमध्ये ईगल ७ दिसलं. लॅपटॉपवर दुकानाची टॅली आहे, विंडोज बदलणार नाही. केआयकॅड ५.१ टाकतोय, ते विंडोज ७ वर चालतं आणि ईगलची फाइल घेतं. बोर्ड फॅबकडूनच.

जुना_पीसीबी: चालेल. ५.१ मधलं काम पुढच्या व्हर्जनमध्ये उघडतं, पण तिथे सेव्ह केलेलं ५.१ मध्ये परत उघडत नाही. दुसऱ्याच्या मशीनवर उघडायची वेळ आली तर फोल्डरची कॉपी द्या, मूळ नको.