मदत हवी आहे : ओहोटीला किनाऱ्याने पायी जावं का?
पौर्णिमेच्या सुमारास आईला घेऊन एका छोट्या मच्छीमार गावाकडे जातोय. मुक्काम शेजारच्या बीच रिसॉर्टवर आहे, पण तिचा सगळा जीव होड्यांत. पहाटे जाळ्यातून मासे सोडवताना तिला अगदी जवळून बघायचंय. मधे खडकाळ टोक आहे, ओहोटीला तिथून चालत जाता येतं म्हणतात. वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, आणि पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त ओसरतं तसं जास्त चढतंही, हे ठाऊक आहे. पण परतीला भरतीच्या किती आधी निघावं? शेवाळलेल्या खडकांवर आईचे गुडघे साथ देतील का, की सरळ रस्त्यानेच जावं? आणि कामात लुडबूड न होता उभं कुठे राहावं? अनुभवींनी कृपया सांगा.