तारतंत्री परीक्षा: फॉल्टचे प्रकार पक्के कसे करू?

ओलित_आर्वी: तारतंत्री (वायरमन) परवान्याची परीक्षा द्यायची आहे. ओपन, शॉर्ट, अर्थ, ओव्हरलोड, सगळ्यांच्या व्याख्या पाठ आहेत. पण ‘मीटरवर काय दिसेल, फ्यूज उडेल का’ असं फिरवून विचारलं की गडबड होते. अभ्यास कसा करू?

लाईन_चालू: व्याख्या ठेवा बाजूला भाऊ. करंटला वाट कोणती मिळाली तेवढं पाहा. वाट तुटली तर ओपन: करंट शून्य, मीटरवर अनंत ओहम. फेज-न्यूट्रल थेट भिडले तर शॉर्ट: ओहम जवळपास शून्य, फ्यूज तिथंच उडतो. ओव्हरलोडमध्ये वाट बरोबरच असते, करंट तेवढा जास्त. म्हणून एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) तापून, थोड्या वेळानं पडतो.

काळी_माती: अर्थ फॉल्टवर, म्हणजे फेज बॉडीला भिडून करंट जमिनीत जातो त्यावर, जास्त वेळ द्या, फसवतात तिथंच. अर्थिंगचा रेझिस्टन्स 20 ओहम धरा. 230 भागिले 20, म्हणजे 11.5 अँपिअर. एवढ्यावर 16 अँपिअरचा एमसीबी पडतच नाही अन् मोटरच्या बॉडीत करंट तसाच राहतो. उन्हाळ्यात आपली जमीन भेगाळली, अर्थचा खड्डा सुकला की रेझिस्टन्स आणखी चढतो. म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावतात. तो फेज आणि न्यूट्रलच्या करंटमधला फरक पाहतो. शॉर्ट, ओव्हरलोड त्याला कळत नाही, तेव्हा एमसीबी सोबत हवाच.

ओलित_आर्वी: आणि मेगर?

लाईन_चालू: मेगर म्हणजे तारांचं इन्सुलेशन मोजायचं मीटर, 500 व्होल्टचा घ्या. मेन बंद करा, सप्लाय नाही याची खात्री करा. दोन तारांमध्ये तपासताना स्विच चालू, पण बल्ब काढलेले, पंखा-टीव्ही सोडवलेले. बल्ब राहिला तर फिलामेंटमुळे मेगर शून्य दाखवतो अन् चांगल्या वायरिंगला तुम्ही शॉर्ट लिहून येता. अर्थशी तपासताना फेज-न्यूट्रल एकत्र जोडा. 1 मेगओहमच्या खाली आलं तर इन्सुलेशन कमजोर.

डीपी_जवळ: न्यूट्रल राहिलाच की राजेहो! घराचा न्यूट्रल तुटला तर चालू ठेवलेल्या लोडमधून फेज परत येतो. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, बल्ब मात्र लागत नाही. डीपीवरच (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) तुटला तर कमी लोडच्या फेजवर व्होल्टेज 400 कडे चढतं.

सिंगल फेजिंगही वाचा, म्हणजे थ्री फेज मोटरचा एक फेज जाणं. बंद मोटर नुसती गुणगुणते. चालती मोटर मात्र फिरत राहते, अन् उरलेल्या दोन फेजवर करंट सुमारे 1.73 पट होतो. 5 एचपीची 7.5 अँपिअरची मोटर 13 वर जाते. ओव्हरलोड रिले 7.5 वर असेल तर ट्रिप होते. सारखी ट्रिप होते म्हणून बरेच जण रिलेचं सेटिंग वाढवून ठेवतात, मग वाइंडिंग जळते.