मदत हवी आहे: घरात लावलेली वांग्याची रोपं आडवी होताहेत, ढोबळी मिरची उगवतच नाही

कढीपत्ता | 4 सप्टेंबर

नमस्कार मंडळी,

गोरेगावात चौथ्या मजल्यावर राहते. बाग म्हणावी अशी जागा नाही. बेडरूमच्या खिडकीला दोन फूट बाहेर आलेली ग्रिल आहे, तेवढीच. खिडकी पूर्वेची आहे, पण समोर टॉवर उभा राहिल्यापासून ऊन साडेनऊच्या आधी पोहोचत नाही आणि बारापर्यंत निघून जातं. सध्या पाऊस आहे, तेव्हा तेही नाही.

माझी मावशी जळगावजवळ राहायची. तिच्या शेतातल्या भरिताच्या वांग्याचं बी तिने दोन वर्षांपूर्वी पुडीत बांधून दिलं होतं. ती आमची शेवटची भेट. आता मावशी नाही, शेतही दुसऱ्याचं झालं. पुडीत मोजून 40 बिया होत्या. त्यातल्या 20 मी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात लावल्या आणि आज तीनच रोपं उभी आहेत. म्हणून घाईने लिहितेय. उरलेल्या 20 बियांना हात लावायची आता भीती वाटते.

काय काय केलं ते सगळं सांगते. दह्याच्या रिकाम्या डब्यांना तळाला भोकं पाडली. सोसायटीच्या बागेतली माती आणि घरच्या ओल्या कचऱ्याचं खत निम्मं निम्मं भरलं. परदेशातले व्हिडिओ पाहिले होते, त्यात बियांना ऊब द्यायला सांगतात, म्हणून डबे फ्रिजच्या डोक्यावर ठेवले आणि वरून प्लॅस्टिक ताणून बसवलं. सहाव्या दिवशी 14 बिया उगवल्या. नेमकं तेव्हाच दोन दिवस साताऱ्याला जावं लागलं. परत आले तर रोपं बोटभर लांब, पांढुरकी, एका बाजूला कललेली. लगेच खिडकीत ठेवली आणि भरपूर पाणी घातलं. त्यानंतर रोज दोन-तीन आडवी. प्रत्येकाची दांडी मातीलगत दोऱ्यासारखी बारीक आणि तपकिरी झालेली, वरची पानं मात्र हिरवीच. हळद भुरभुरली, फरक पडला नाही.

ढोबळी मिरचीचं तर एकही बी उगवलं नाही. भाजीला आणलेल्या ताज्या, हिरव्यागार मिरच्यांतल्या बिया काढून, दोन दिवस सावलीत वाळवून 25 लावल्या होत्या. अठरा दिवसांनी उकरून पाहिलं तर बुळबुळीत झालेल्या.

ऊब कमी पडली का? रोपं गरम ठेवणारी चटई मिळते म्हणतात, ती घ्यावी का? आणि वांगं आता पुन्हा लावलं तर वेळ गेलेली नाही ना?

---

गच्चीवरून | 4 सप्टेंबर

चटई अजिबात घेऊ नका. ते व्हिडिओ बाहेर बर्फ असलेल्या गावांचे आहेत. तिथे घर तापवलं तरी खिडकीपाशी गारठा असतो आणि वांगं-मिरची 15 अंशांच्या खाली नीट उगवत नाहीत, म्हणून त्यांना चटई लागते. या बियांना हवी असते 25 ते 30 अंशांची ऊब. ती मुंबईत सप्टेंबरात स्वयंपाकघराच्या कोणत्याही फळीवर फुकट आहे. तुमच्या घरी तुटवडा आहे तो उजेडाचा आणि खेळत्या हवेचा.

बी उगवायला उजेड लागत नाही, तोपर्यंत फ्रिजवर ठेवलंत ते ठीकच. पण पहिली वाकलेली मान मातीतून वर दिसली की त्याच दिवशी डबा उजेडात हवा. ऊब आहे आणि उजेड नाही, अशा वेळी रोप सगळी ताकद लांब होण्यात घालवतं. दोन दिवसांत बोटभर लांबी त्यामुळेच आली.

साधी पांढरी 20 वॉटची एलईडी पट्टी घ्या, दुकानात 6500 के लिहिलेली मागा. रोपांच्या डोक्यावर चार-सहा इंचांवर टांगा आणि 15 तास चालू ठेवा. रोजचं 0.3 युनिट, म्हणजे महिन्याला 9 युनिट. रोप वाढेल तशी पट्टी वर सरकवा. मी कपाटाच्या खालच्या कप्प्यात चार वर्षं अशीच रोपं करतोय.

---

गादीवाफा | 5 सप्टेंबर

पालघरकडे रोपवाटिका आहे, त्यामुळे हा प्रकार दर पावसाळ्यात बघतो. ताई, तुमच्याकडे झाली ती रोपमर. पुस्तकात ‘रोपे कोलमडणे’ म्हणतात. मातीतल्या पिथियम, रायझोक्टोनियासारख्या बुरशा कोवळी दांडी मातीच्या रेषेवर कुजवतात. मुळातून पाणी वर जाणं थांबलं तरी पानांना कळायला वेळ लागतो, म्हणून आडवं पडलेलं रोपही दिवसभर हिरवं दिसतं. पडलेलं रोप वाचत नाही. ते मातीसकट काढून टाका. उरलेली तीन वेगळ्या डब्यात न्या.

बुरशीला हवं ते सगळं त्या डब्यात होतं. बागेतली माती, अर्धवट कुजलेलं खत, वरून प्लॅस्टिक, बाहेर पावसाळी दमट हवा आणि शेवटी भरपूर पाणी. शेतातसुद्धा पावसाळ्यात वांग्याची रोपं सपाट वाफ्यावर टाकत नाहीत. गादीवाफा, म्हणजे जमिनीपासून उचललेला उंच वाफा करतात तो पाणी बुडाशी थांबू नये म्हणूनच.

घरी असं करा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तीन भाग, चाळलेलं, पूर्ण मुरलेलं गांडूळखत एक भाग. कोकोपीटची वीट भिजवली की दोन-तीनदा पाणी बदलून पिळून घ्या, त्यात मीठ असतं. बागेची माती या टप्प्याला नकोच. ट्रायकोडर्माची पावडर लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम कालवून त्या पाण्याने मिश्रण ओलं करा. ती उपकारक बुरशी आहे, रोग येण्याआधी घातली तरच तिचा उपयोग. सोबत रासायनिक बुरशीनाशक घालू नका, तीही मरेल. बी अर्धा सेंटीमीटर खोल, त्याहून नाही. अंकुर दिसला की झाकण काढा. पाणी खालच्या ताटलीत घाला, पंधरा-वीस मिनिटांत उरलेलं ओतून द्या. वरचा थर सुकलेला दिसल्याशिवाय पुन्हा नाही. आणि टेबलफॅन मंद, रोपाचं पान जेमतेम हलेल इतपत.

लांब झालेली दांडी खोल पुरायचा सल्ला कोणी देईल. टोमॅटोला चालतं, त्याच्या दांड्याला मुळं पटकन फुटतात. वांग्याला आणि मिरचीला तशी सहज फुटत नाहीत, ओल्या मिश्रणात उलट दांडी कुजेल.

---

चिमूटभर | 5 सप्टेंबर

ढोबळीचं उत्तर सोपं आहे. हिरवी ढोबळी म्हणजे कच्चं फळ. आतलं बी जून झालेलंच नसतं, ते कुजणारच. पिकून लाल किंवा पिवळी झालेल्या मिरचीचं बी उगवतं, पण ती बहुतेक पॉलिहाउसमधल्या संकरित जातीची असते, तिच्या बियांतून तसंच फळ येईल असं नाही. कॅलिफोर्निया वंडरसारख्या सरळ वाणाचं, म्हणजे संकरित नसलेल्या जातीचं पाकीट आणा. आणि उकरून बघू नका, ढोबळीला बारा-पंधरा दिवस लागू शकतात.

वेळ चुकलेली नाही. मी तर म्हणेन मुंबईत ढोबळी लावायची हीच वेळ. रात्र गार असली की तिचं फूल टिकतं, दिवस 32 अंशांच्या वर गेला की गळतं. आता पेरलंत तर ऑक्टोबरच्या अखेरीला रोप कुंडीत जाईल आणि फळ डिसेंबर-जानेवारीत धरेल, तेव्हा आपल्याकडे रात्री त्यातल्या त्यात बऱ्या असतात. फेब्रुवारीत पेरणाऱ्यांना नुसती झाडं मिळतात.

---

रानमेवा | 5 सप्टेंबर

मी खानदेशातली, त्यामुळे तुमची पुडी वाचून राहवलं नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते बी घराघरांतून असंच पुडीपुडीने पुढे आलेलं आहे. राहिलेल्या 20 बिया एकदम पेरू नका. दहा घ्या. दहा छोट्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, सोबत सिलिका जेलची पुडी टाकून फ्रिजमध्ये ठेवा. मुंबईच्या हवेत कागदातलं बी फार लवकर जीव सोडतं.

घेतलेल्या दहांना मटकीसारखे मोड आणा. ओलसर सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवायचं, कापड पिळल्यावर थेंब पडायला नको. पांढरं मूळ दोन-तीन मिलिमीटर दिसलं की ते बी चमच्याच्या टोकाने उचलून लावायचं. मुळाला चिमट्यात धरायचं नाही. कोणतं बी जिवंत आहे ते पेरण्याआधीच कळतं.

एक झाड जरी जगलं तरी तुमची काळजी मिटली. एखादं फळ झाडावरच पिवळं होईपर्यंत राहू द्या, त्यात शेकड्यांनी बिया मिळतील. त्या फळाचं फूल कळी असतानाच मलमलच्या पिशवीत बांधा, म्हणजे शेजारच्या कोणाच्या वांग्याचा पराग लागणार नाही. फळ धरलं की पिशवी काढा आणि देठाला दोरा बांधून खूण ठेवा.

---

कढीपत्ता | 6 सप्टेंबर

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. रानमेवा, तुमचं लिहिणं वाचून डोळे भरून आले. आजच दहा बिया कापडात बांधल्या. बाकीच्या फ्रिजमध्ये गेल्या. पट्टी आणली. त्या तीन रोपांतलं आणखी एक आज सकाळी पडलेलं होतं. ढोबळीचं पाकीट आणून आठ बिया पेरल्या.

---

गच्चीवरून | 6 सप्टेंबर

एक गोष्ट राहिली होती, आणि ती आत्ताच बोललेली बरी. रोपं पट्टीखाली होतील, पण तुमच्या खिडकीत अडीच तास ऊन. वांग्याला फळ धरायला निदान सहा तास लागतं. भरिताचं वांगं तर मोठं फळ, त्याला आणखी गरज. रोपं दीड महिन्याची होईपर्यंत तुमच्या हातात वेळ आहे. सोसायटीत गच्चीची परवानगी मागा.

---

कढीपत्ता | 27 सप्टेंबर

दहापैकी सात बियांना पाचव्या दिवसापर्यंत मोड आले. सातही लावल्या, सहा वर आल्या आणि सहाही उभी आहेत. दांडी आखूड, जांभळट. पहिल्या दोन गुळगुळीत पानांनंतरचं खरं पान आता सुटतंय, खाली बारीक लव आहे. ढोबळीचं पहिलं बी बाराव्या दिवशी फुटलं, आज पाच रोपं आहेत. जुन्या तीनपैकी एक जगलंय, तिरकं आहे पण जगलंय.

सेक्रेटरींशी बोलले. पाण्याच्या टाकीजवळचा कोपरा मिळाला. अट एकच, कुंड्या स्लॅबवर थेट ठेवायच्या नाहीत, खाली स्टँड आणि ताटली हवी, वरच्या मजल्याला गळती नको. 20 लिटरच्या रंगाच्या बादल्या आणून ठेवल्यात.

दोन प्रश्न. पट्टीखालून थेट ऑक्टोबरच्या उन्हात नेली तर करपतील का? आणि गच्चीवर कबुतरं खूप आहेत. जाळी लावली तर परागणाचं काय?

---

गादीवाफा | 28 सप्टेंबर

थेट नेलीत तर नक्की करपतील. पाच-सहा खरी पानं आली की आधी सकाळचं कोवळं ऊन एक तास, दुसऱ्या दिवशी दीड-दोन, असं करत आठ-दहा दिवस घ्या. त्या दिवसांत पाणी थोडं ताणा. बादलीत लावाल ते संध्याकाळी लावा, सकाळी नको.

कबुतरांसाठी खिडक्यांना लावतात ती नायलॉनची जाळी पुरे, मधमाशी तिच्यातून जाते. मोठे भुंगे आले नाहीत तरी अडत नाही. वांग्याचा पराग फूल थरथरलं की स्वतःच झडतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला फुलामागच्या देठाला बोटाने हलकी टिचकी मारत जा, फूल उमललेलं असेतो रोज.